आवक, जावक आणि हरवलेलं पाणी: कन्हानच्या एका उपनदीवरचं पूर-अंदाजाचं प्रकरण

पार्श्वभूमी

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात कोणी विसरलेलं नाही. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीचं पाणी अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउटमधल्या घरांत शिरलं. लोक झोपेत होते. त्यानंतर पुराच्या सूचनेबद्दल कुठेही बोलणं निघालं की पहिला प्रश्न एकच असे: किती तास आधी कळेल?

शहराबाहेर नदीकाठच्या गावांचाही हाच प्रश्न होता. पुढचं प्रकरण त्यातल्या एका कामाचं आहे. नदीचं आणि गावाचं नाव मुद्दाम देत नाही. बिना संगमाशी पेंच आणि कोलार कन्हानला मिळतात. त्याच्या खाली कन्हानमध्ये येणारी ही एक उपनदी. कामाचा पट्टा ३६ किलोमीटरचा. वरच्या टोकाला एका पुलावर पाणीपातळी मोजणारं यंत्र, खालच्या टोकाला कन्हानच्या संगमाजवळ एक गाव. पात्र साधारण ६० मीटर रुंद आणि तळाचा उतार ४००० ला १, म्हणजे चार किलोमीटरमागे फक्त एक मीटर. हा सपाटपणा लक्षात ठेवावा. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

नागपुरातल्या एका छोट्या सल्लागार कार्यालयाकडे हे काम होतं. प्रमुख म्हणून सिंचनाच्या कामांत आयुष्य काढलेले एक ज्येष्ठ अभियंते, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. हाताखाली दोन अभियंते. आणि नुकतीच एम.टेक. झालेली एक मुलगी, जिने मॉडेलचा कोड लिहिला. मी बाहेरून तांत्रिक तपासणीसाठी होतो. २०२४ चा उन्हाळा चालू होता आणि पावसाळ्याआधी काम द्यायचं होतं.

पद्धत निवडली होती मस्किंगम-कुंज. नदीतून लाट पुढे सरकताना पसरते, तिचा माथा खाली येतो आणि उशिरा पोहोचतो. हे गणिताने काढायला फ्लड राउटिंग म्हणतात. त्याची पूर्ण समीकरणं सेंट व्हेनांत यांनी १८७१ मध्ये मांडली. त्यातलं पहिलं वस्तुमान अक्षय्यतेचं: पट्ट्यात आलेलं पाणी वजा गेलेलं पाणी म्हणजे साठ्यातला बदल. दुसरं संवेग अक्षय्यतेचं: गुरुत्व, तळाचं घर्षण, पाण्याच्या दाबातला फरक आणि प्रवाहाचं जडत्व यांचा मेळ. सोप्या पद्धती दुसऱ्या समीकरणाला कात्री लावतात. मॅकार्थी यांनी १९३८ मध्ये ओहायोतल्या मस्किंगम नदीवर वापरलेल्या पद्धतीत ते जवळपास नव्हतंच. 'के' (लाटेला पट्टा ओलांडायला लागणारा वेळ) आणि 'एक्स' (साठ्यात आवकेला किती वजन द्यायचं ते) हे दोन आकडे जुन्या पुरांवरून बसवायचे. १९६९ मध्ये कुंज यांनी दाखवलं की हे दोन्ही आकडे पात्राची रुंदी, उतार आणि लाटेचा वेग यांवरून काढता येतात. जिथे जुन्या पुरांच्या नोंदी तुटपुंज्या असतात, तिथे याचं मोल फार मोठं आहे, आणि आमच्याकडे नोंदी तुटपुंज्याच होत्या.

अडचण कशी दिसली

जुन्या दोन पुरांवर मॉडेल उत्तम बसलं होतं. माथा जुळत होता, वेळही जुळत होती. मधल्या नाल्यांतून येणाऱ्या पाण्याची मोजणी कुठेच नव्हती, म्हणून ते अंदाजाने धरलं होतं आणि जुळेपर्यंत कमीजास्त केलं होतं. मी तो आलेख पाहिला आणि ठीक आहे म्हणून सही केली. आज वाटतं, खरी चूक तिथे झाली, आणि ती माझी होती.

शंका आली ती त्या मुलीला. तिने नाल्यांचं पाणी शून्य करून एक कृत्रिम पूर सोडून पाहिला: मूळ प्रवाहावर त्रिकोणी लाट, चोवीस तासांची, माथा ३०० घनमीटर प्रति सेकंद. लाटेचं एकूण पाणी १ कोटी २९ लाख ६० हजार घनमीटर. खालच्या टोकाला ती लाट पूर्ण उतरेपर्यंत तिने बेरीज केली. साडेतीन टक्के कमी भरली.

"सर, खालचा प्रवाह पुन्हा मूळ आकड्यावर आलाय. म्हणजे पात्रात जादा काही उरलेलं नाही," ती म्हणाली. "मग साडेचार लाख घनमीटर पाणी गेलं कुठे?"

सरांनी कागद जवळ ओढला. शंभर हेक्टर शेतावर पसरलं तर पंचेचाळीस सेंटीमीटर, म्हणजे गुडघाभर पाणी. मॉडेलमध्ये बाष्पीभवन नव्हतं, झिरपणं नव्हतं, बंधारा नव्हता. पाणी जायला वाटच नव्हती.

मग जुने दोन पूर इतके छान कसे बसले, याचं उत्तर आपोआप मिळालं. मॉडेल जेवढं पाणी गळवत होतं तेवढं आम्ही नाल्यांच्या नावाने वरून ओतत होतो. त्या दोन्ही पुरांत पाऊस सगळ्या पट्ट्यावर पडला होता, म्हणून नाल्यांचा मोठा आकडा कोणाला खटकला नाही. पण पाऊस फक्त वरच्या पाणलोटात पडला आणि नाले कोरडे राहिले, तर हेच मॉडेल खालच्या गावाला कमी पुराची सूचना देणार होतं.

पाणी कुठे गळत होतं

मस्किंगम पद्धतीत पट्ट्यातला साठा असा मांडतात: आवक आणि जावक यांची 'एक्स'ने ठरणारी भारित सरासरी काढायची आणि तिला 'के'ने गुणायचं. 'के' आणि 'एक्स' कायम असतील तर हिशेब चोख राहतो. जावक काढायच्या सूत्रातल्या तिन्ही सहगुणकांची बेरीज एक भरते आणि आवकेचा थेंबही हरवत नाही. पण पूर चढतो तसा लाटेचा वेग वाढतो, म्हणून 'के' आणि 'एक्स' दर वेळी नव्याने काढणं भौतिकदृष्ट्या योग्य वाटतं. प्रचलित रीतीत कायम आकड्यांसाठी काढलेलं सूत्र तसंच ठेवतात आणि आकडे तेवढे बदलत जातात. चूक इथे आहे. साठ्यातला बदल म्हणजे नंतरचा साठा वजा आधीचा साठा. नंतरचा साठा नंतरच्या 'के-एक्स'ने आणि आधीचा आधीच्या 'के-एक्स'ने मोजायला हवा. दोन्हींसाठी एकच सरासरी आकडा वापरला की ताळा जमत नाही. किराणा दुकानदाराने महिन्याच्या सुरुवातीचा आणि शेवटचा माल एकाच मधल्या भावाने धरला तर वहीत जशी तूट दिसेल, तशी.

उतार तीव्र असेल तर ही तूट नगण्य असते. सपाट पात्रात लाट जास्त पसरते, 'एक्स' जास्त बदलतो, आणि गळती वाढते. ४००० ला १ उतारावर ती डोळ्यांत भरण्याइतकी होती.

दुसरी विसंगती मला जास्त बोचली, कारण ती दोन ओळींच्या आकडेमोडीत दिसते. पाणी ३ मीटर खोल असताना आमच्या पात्राचा काटछेद, म्हणजे प्रवाहाचा आडवा छेद, १८० चौरस मीटर, सरासरी वेग जवळपास १ मीटर प्रति सेकंद, विसर्ग १८० क्युमेक (घनमीटर प्रति सेकंद), म्हणजे सुमारे ६,३५० क्युसेक. एक किलोमीटरच्या तुकड्यात पाणी किती? १ लाख ८० हजार घनमीटर, यात वाद नाही. आता पद्धतीला विचारू. रुंद पात्रात मॅनिंगच्या सूत्राप्रमाणे (खोली, उतार आणि तळाचा खडबडीतपणा यांवरून वेग काढणारं सूत्र) लाट पाण्याच्या सरासरी वेगाच्या पाच तृतीयांश वेगाने जाते, म्हणजे १.६७ मीटर प्रति सेकंद. एक किलोमीटरसाठी 'के' आला ६०० सेकंद. गुणिले १८०, म्हणजे १ लाख ८ हजार. पात्रात आहे त्याच्या साठ टक्केच साठा ही पद्धत सांगते. जावक बरोबर येत असली तरी त्या साठ्यावरून पाण्याची खोली काढणाऱ्याची फसगत ठरलेली.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सगळ्यात सोपा: शेवटी सगळ्या जावकेला १.०३६ ने गुणायचं. कार्यालयातल्या एका अभियंत्याने तो मनापासून मांडला, आणि मुदत डोक्यावर असताना त्यात तथ्य वाटतं हे खरं आहे. पण गळती प्रत्येक पुरात वेगळी होती. हळू चढणाऱ्या लाटेत कमी, झपाट्याने चढणाऱ्या लाटेत जास्त. शिवाय पाणी चढत्या बाजूला किती हरवलं आणि उतरत्या बाजूला किती, हे ठाऊक नसताना सगळीकडे सारखं वाढवलं तर माथ्याचा आकडा बनावट होतो.

दुसरा: वेळेची पायरी आणि पट्ट्याचे तुकडे लहान करायचे. हे आम्ही करून पाहिलं, दोन दिवस घातले. तूट किंचित हलली आणि एका आकड्यापाशी थांबली. ती थांबली म्हणूनच कारण पक्कं झालं. दोष पायरीत नव्हता, समीकरणाच्या मांडणीत होता. मांडणी अक्षय्य नसेल तर ती कितीही बारीक चाळणीने सोडवा, तूट तशीच राहते.

तिसरा: सोपी पद्धत सोडून सगळ्या ३६ किलोमीटरसाठी सेंट व्हेनांतची पूर्ण समीकरणं. शास्त्राच्या दृष्टीने सर्वांत भक्कम. पण त्याला दर काही शे मीटरवर काटछेद लागतात. आमच्याकडे खालच्या टोकाचेच काटछेद बरे होते. वरच्या चोवीस किलोमीटरचे मोजायला महिना गेला असता. मे महिन्याच्या नागपुरी उन्हात माणसं नदीत उभी करायची, तीही मुदत उलटणार हे माहीत असताना, हे सरांना पटलं नाही.

चौथा: मस्किंगम-कुंजचं वस्तुमान राखणारं रूप. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठाचे एत्सिओ तोदिनी यांनी २००७ मध्ये ते मांडलं, आणि त्यात साठ्याची विसंगतीही मिटते. २०१३ मध्ये रुडकीच्या आयआयटीतले पेरुमल आणि त्यांचे सहलेखक प्राइस यांनी वेगळ्या वाटेने पूर्ण वस्तुमान राखणारी पद्धत दिली. आपल्याच देशात या प्रश्नावर इतकं काम झालेलं असताना आम्ही जुनंच सूत्र वापरत होतो, ही गोष्ट मला आजही लागते.

काय केलं

चौथा पर्याय निवडला, पण तो सहज मंजूर झाला नाही. तोदिनींच्या रूपात सहगुणकांमध्ये लाटेच्या वेगाच्या जागी पाण्याचा सरासरी वेग येतो. सरांनी कोड वाचताना तिथेच बोट ठेवलं.

"हे चालणार नाही," ते म्हणाले. "३६ किलोमीटर लाटेच्या वेगाने सहा तासांत जातात. तू पाण्याचा वेग घातलास तर दहा तास होतील. गावात पाणी शिरेल आणि आपण म्हणू की अजून चार तास आहेत."

हा आक्षेप हलका नव्हता. नवशिक्या माणसाच्या हातून हीच चूक होते आणि ती जीवावर बेतू शकते. मुलीने वाद घातला नाही. तिने दोन्ही पद्धतींतून तीच लाट सोडली आणि माथा पोहोचण्याच्या वेळा सरांसमोर ठेवल्या. दोन्ही सहा तासांच्या आसपास. कारण असं की नव्या रूपात 'के' म्हणजे लांबी भागिले सरासरी वेग, आणि त्याला विसर्गाने गुणलं की मिळतं लांबी गुणिले काटछेद, म्हणजे पात्रात खरोखर असलेलं पाणी. हा साठा विसर्गाबरोबर ज्या गतीने बदलतो त्यातूनच लाटेचा वेग आपोआप निघतो. आधीच्या आणि नंतरच्या क्षणाच्या वेगांचं गुणोत्तर सूत्रात धरलेलं असतं, ते हे काम करतं. ते गुणोत्तर लिहायला कोणी विसरला तर मात्र सरांची भीती शब्दशः खरी ठरेल. आम्ही कोडमध्ये त्या ओळीवर मराठीत ठळक टीप लिहून ठेवली.

तूट नाहीशी झाली. एक किलोमीटरच्या तुकड्याचा साठाही आता १ लाख ८० हजारच दाखवत होता. मग नाल्यांच्या पाण्याचे अंदाज नव्याने बसवले. ते बरेच खाली आले आणि त्या नाल्यांच्या पाणलोट क्षेत्राशी जुळतील असे झाले. आधीचे आकडे त्या क्षेत्रांच्या मानाने मोठेच होते. पाहणाऱ्याला ते तेव्हाही दिसले असते.

दुसरी अडचण: खालून चढलेलं पाणी

इथे काम संपलं असं आम्हाला वाटलं होतं. खालच्या गावात मॉडेलची माहिती द्यायला गेलो तेव्हा पारावर बसलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आमचा नकाशा शांतपणे पाहिला. मग म्हणाला, "मागच्या वेळी पाणी वरून नाही आलं जी. खालून चढलं."

त्याचं म्हणणं अक्षरशः बरोबर होतं. नवेगाव खैरी धरणातून पेंचमध्ये विसर्ग सोडला की कन्हान चढते. कन्हान चढली की उपनदीच्या पाण्याला पुढे वाट राहत नाही आणि फुगवटा मागे सरकतो. आमच्या पद्धतीत माहिती फक्त वरून खाली जाते. खालच्या टोकाला काय आहे हे सांगायला तिच्यात जागाच नाही. संवेगाच्या समीकरणातून आम्ही जे कापलं होतं, त्यातच ही गोष्ट गेली होती.

वस्तुमान आणि संवेग यांच्या बाबतीत वागण्याचा फरक इथे मला पहिल्यांदा नीट समजला, इतकी वर्षं या क्षेत्रात असूनही. वस्तुमानाचा ताळा न जमणं ही चूक असते. ती कुठल्याही नदीवर, कुठल्याही पुरात माफ नाही. संवेगातली पदं गाळणं ही निवड असते. सपाट नदीच्या संथ पुरात जडत्वाची पदं गाळली तर फारसं बिघडत नाही. पण दाबाच्या फरकाचा खालून होणारा परिणाम गाळला, तर ती निवड या गावासाठी चुकीची ठरते आणि बऱ्याच वरच्या गावासाठी कदाचित ठरतही नाही. सीमा कुठे आहे ते प्रत्येक नदीवर शोधावं लागतं. आणि आमचा वस्तुमानाचा ताळा इतका सुरेख जमला होता की त्याच्या समाधानात आम्ही ही सीमा शोधलीच नाही.

ती शोधायला एक ओळ पुरते. कन्हान नेहमीपेक्षा २ मीटर वर असेल तर ४००० ला १ उतारावर फुगवटा ढोबळमानाने २ गुणिले ४००० मीटर, म्हणजे ८ किलोमीटर मागे जाईल. ३ मीटर असेल तर १२. आमचं गाव संगमापासून दीड किलोमीटरवर होतं.

मग मॉडेल दोन भागांत तोडलं. वरचे २४ किलोमीटर वस्तुमान राखणाऱ्या मस्किंगम-कुंजने. खालचे १२ किलोमीटर पूर्ण सेंट व्हेनांतने, खालच्या टोकाला कन्हानची पातळी देऊन. नशिबाने काटछेद तिथलेच चांगले होते. सांध्यावर वरची जावक हीच खालची आवक, आणि तिथेही दर तासाला ताळा तपासायचा असं ठरलं.

निष्पत्ती

त्या पावसाळ्यात तीन वेळा पाणी दखल घेण्याइतकं चढलं. पहिल्या वेळी पाऊस वरच्या पाणलोटातच होता आणि नाले जवळपास कोरडे होते. जुन्या मॉडेलने माथा कमी सांगितला असता. नव्याने सांगितलेला माथा गावच्या पट्टीवरच्या नोंदीच्या हातभर अंतरात आला. दुसऱ्या वेळी कन्हान चढलेली होती. विसर्ग मध्यम, पण पातळी मोठी. फक्त वरच्या भागाच्या पद्धतीवर विसंबलो असतो तर पातळी मीटरभर कमी सांगितली असती. गावातली खालच्या आळीतली जनावरं संध्याकाळीच वर बांधली गेली होती.

तिसऱ्या वेळी आम्ही चुकलो. कन्हानच्या पुढच्या काही तासांच्या पातळीचा अंदाज हातात नव्हता, म्हणून शेवटची मोजलेली पातळी कायम धरली. कन्हान रात्रीत आणखी चढली. पाणी सांगितल्यापेक्षा वर आलं. कोणाला इजा झाली नाही, पण दोन घरांतलं धान्य भिजलं. समीकरण बरोबर होतं, खालच्या टोकाला दिलेला आकडा शिळा होता.

पुन्हा करायचं झालं तर

ताळा तपासायची चाचणी पहिल्या दिवशी घेईन, जुन्या पुरांवर मॉडेल बसवण्याच्या आधी. नाल्यांचं पाणी शून्य, कृत्रिम लाट, आवक आणि जावक यांची बेरीज. अर्ध्या तासाचं काम आहे. एकदा बाजूचं पाणी मॉडेलमध्ये शिरलं की गळती त्याच्या आड लपते आणि मग आलेख कितीही सुंदर असला तरी त्यावरून काही कळत नाही.

फुगवट्याची ती एक ओळीची आकडेमोड पद्धत निवडण्याआधी करेन, आणि गावात मॉडेल दाखवायला जाण्याऐवजी मॉडेल लिहिण्याआधी विचारायला जाईन: पाणी कुठून आलं, कोणत्या बाजूने, आधी कुठल्या घराला लागलं. त्या शेतकऱ्याला हे सगळं ठाऊक होतं. आम्ही तीन महिने उशिरा विचारलं.

एका निर्णयाबद्दल मात्र आमच्यात अजून एकमत नाही. सरांना वाटतं, वरच्या भागाचे काटछेद मोजून सगळा पट्टा पूर्ण समीकरणांवर आणावा. मुलगी म्हणते, तोच पैसा संगमाजवळ कन्हानची पातळी दर पंधरा मिनिटांनी पाठवणाऱ्या यंत्रावर आणि पेंचच्या विसर्गाची आगाऊ माहिती मिळवण्यावर खर्च करावा, कारण तिसऱ्या वेळची चूक तिथून आली. मी तिच्या बाजूने आहे. तोवर त्या गावाला जाणाऱ्या सूचनेत दोन पातळ्या लिहिल्या जातात: एक कन्हान आहे तशी राहिली तर, दुसरी ती आणखी एक मीटर चढली तर. जनावरं कुठे बांधायची हे गाव दुसरी पातळी पाहून ठरवतं.